किती भेटते बाप्पा यात?

मागच्या आठवड्यात अकोल्याहून बडनेऱ्याला येत होतो. पॅसेंजर गच्च, पण खिडकी मिळाली. मोबाइल काढला आणि अडकून पडलेलं एक कोडं पुन्हा उघडलं. शेजारी एक काका बसले होते, बाजार समितीतून परत निघालेले. मूर्तिजापूर येईस्तोवर ते माझ्या स्क्रीनकडे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "किती भेटते बाप्पा यात?"

म्हटलं, "काहीच नाही भेटत काका."

"मंग खेयता कायले?"

उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर वाटलं, काकांचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या भागात खेळ म्हटला की पैसा आठवतो, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. तो आज सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्या कापसापासून. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रेल्वे आली, जिनिंग आले, आणि भाव ठरू लागला मुंबईत, लिव्हरपूलमध्ये, न्यूयॉर्कमध्ये. शेतात राबणारा वऱ्हाडात, आकडा लिहिणारा सातासमुद्रापार.

पुढे मुंबईत त्याच आकड्यावर जुगार सुरू झाला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमध्ये कापूस किती भावाने उघडला, किती भावाने बंद झाला, यावर लोक पैसे लावत. 1961 मध्ये तिकडून भाव येणं थांबलं. जुगार काही थांबला नाही. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आकड्याचा धंदा सुरू केला. हाच वरली मटका. पत्रकारितेत आलो तेव्हापासून "वरली मटक्यावर धाड, इतका मुद्देमाल जप्त" ही बातमी मी किती वेळा लिहिली, मोजदाद नाही. त्या बातमीखाली 1887 च्या जुगार कायद्याचं कलम 12 (अ) टाकायचं, हे आमच्या हाताला पाठ आहे. पण या आकड्याचं मूळ कापसात आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कापूस आपला, आणि त्याच्या भावावरून निघालेला आकडा फिरून आपल्याच पानटपरीवर आला.

आता कोड्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, कोडं तर साधं, त्यात जुगार कुठला? तर ऐका. 1950 च्या आसपास शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा देशभर जोरात होत्या. वर्गणी भरा, चौकटी भरा, हजारो रुपये जिंका. बऱ्याच चौकटींत दोन-दोन शब्द बसत. बरोबर कोणता, ते आयोजकाच्या बंद लिफाफ्यात. म्हणजे डोकं कमी, नशीब जास्त. सरकारने 1955 मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा आणला आणि महिन्याच्या बक्षिसांवर 1000 रुपयांची मर्यादा घातली. आर.एम.डी. चमारबागवाला यांची प्रकरणं सुप्रीम कोर्टात गेली. 1957 मध्ये कोर्टाने सांगितलं, जुगार हा व्यापार नाही, पण जिथे खरं कौशल्य लागतं त्या स्पर्धेला हा कायदा लागत नाही. 1967 मध्ये त्याच कोर्टाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला.

'कौशल्य' हा एक शब्द. याच शब्दाच्या दाराने पन्नास वर्षांनी रमीचे ॲप आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये शिरले.

माझ्या नात्यातल्या एका पोराची गोष्ट सांगतो, नाव-गाव नको. कापसाची पट्टी झाली, पैसे बापाच्या खात्यात आले, पिन पोराला माहीत. तीन आठवड्यांत खातं साफ. बाप मला म्हणाला, "बोंडअळीनं नेलं असतं त सरकारले सांगितलं असतं, हे कोनाले सांगू?" मी तेव्हा त्याची बातमी केली नाही. आजही ते मनाला लागून आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. आता पैसे लावायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना मोकळीक आहे. पेपरात बंदीची हेडलाइन आली, मोकळीक आतल्या पानावर राहिली. माझा आजचा मुद्दा त्या मोकळिकीचाच आहे.

कारण कोड्याची दुसरीही परंपरा आहे, आणि तिचा एक मोठा माणूस आपल्या महाराष्ट्रातलाच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, 1905 सालचा. 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर. ना विद्यापीठातली खुर्ची, ना अनुदान. हा माणूस एकटा बसून आकड्यांशी खेळायचा. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनवर काही संख्या सुचल्या, तर त्यांचं नावच 'डेमलो संख्या' ठेवून टाकलं. इकडे अनेकांनी त्यांना गंमत करणारा मास्तर समजून सोडून दिलं. 1975 मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं.

त्यांचं कोडं आत्ताच करून पाहा. अकोल्याची गाडी एमएच 30, अमरावतीची एमएच 27. जोडून 3027. आकडे उतरत्या क्रमाने लावा, 7320. चढत्या क्रमाने लावा, 0237. वजा करा, 7083. पुन्हा तेच, 8730 वजा 0378, आले 8352. पुन्हा, 8532 वजा 2358, आले 6174. आता कितीही वेळा करा, 6174 च येणार. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचते. भेटलं किती? काहीच नाही. पण तुमच्यातल्या निम्म्यांनी आता आपल्या गाडीचा नंबर घेतला असेल.

आज जगभर एकटे-दुकटे लोक जे छोटे कोड्याचे व्हिडिओ गेम करतात, त्यांना मी कापरेकर मास्तरांचे भाऊबंद मानतो. 1982 चा जपानी 'सोकोबान' पाहा. गोदामातला हमाल, खोकी फक्त ढकलायची, ओढायची नाहीत. एक खोकं कोपऱ्यात गेलं की डाव गेला. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्हने 'टेट्रिस' केला. हक्क सरकारकडे, त्यामुळे जग खेळलं तरी कित्येक वर्षं त्याच्या हाती फारसं काही आलं नाही. जॉश वॉर्डलने 'वर्डल' आपल्या जोडीदारासाठी केला. रोज एकच शब्द, सुरुवातीला जाहिरातही नव्हती. फिनलंडच्या आर्वी तेइकारीचा 2019 चा 'बाबा इज यू' तर माझा जीव की प्राण. त्यात नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पटावर पडलेले असतात. 'भिंत म्हणजे अडथळा' यातला एक शब्द ढकलून बाजूला केला की भिंत अडवतच नाही. वीस वर्षं कचेऱ्यांत फेऱ्या मारलेल्या माणसाला हा खेळ किती जवळचा वाटतो, काय सांगू!

सगळेच कोड्याचे गेम सोवळे आहेत असं मी म्हणत नाही. फुकट म्हणून घेतलेल्या कितीतरी गेममध्ये दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि हरलं की 'जीव' विकत घ्या. तेही आकड्याचंच धाकटं भावंड. माझी ओळखायची खूण सोपी आहे. मी थांबलो तर गेम थांबतो का? चांगलं कोडं तुमची वाट पाहतं. जुगार तुम्हाला हाका मारतो.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचे खेळाडू आपले देशी खेळ दाखवायला तिथे गेले होते. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला आपण "किती भेटले?" विचारत नाही. अंग घडतं, हे आपल्याला कळतं. डोक्याच्या खेळाला मात्र आपण तो मान अजून दिला नाही. पोरगं मोबाइलवर दिसलं की एक तर दणका, नाही तर दुर्लक्ष. तो काय खेळतो हे शेजारी बसून पाहत कोणीच नाही. माझ्या नात्यातल्या त्या पोराजवळही कोणी बसलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

काका बडनेऱ्याला उतरले. उतरण्याआधी मी त्यांना ते 3027 वालं कोडं पेपरच्या कोपऱ्यावर लिहून दिलं. त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर घेतला, खिशातून पेन काढलं. दोनदा वजाबाकी चुकली, तिसऱ्यांदा जमली. 6174 आल्यावर असे हसले की समोरच्या बाईही पाहायला लागल्या.

"भेटलं काय?" मी विचारलं.

"घरी नातवाले दाखवतो," म्हणाले.

तुमच्या गाडीचा नंबर किती पायऱ्यांत पोचला, कमेंटमध्ये लिहा. बक्षीस काही नाही.