शस्त्रक्रियेआधीचे महिने आणि खानदेशी ताट

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची तयारी जळगाव-धुळ्याच्या घरांत सुरू होते ती स्वयंपाकघरातून. आणि त्या स्वयंपाकघराचा इतिहास न जाणता दिलेला आहारतक्ता टिकणं अवघड. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी होरपळलेल्या मुलखात भरलेलं अंग सुबत्तेचं वाटावं, पाहुण्याला आग्रहानं वाढावं, हे स्वाभाविकच. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाणाऱ्यांना स्थूलपणाचा आजार कसा, असं कुणी विचारेल. पण ती भाकरी दिवसभर शेतात राबणाऱ्याची होती. राबणं कमी झालं, शेवभाजीवरची तर्री मात्र राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: जठर लहान करायचंच आहे, तर आधी पथ्य कशाला? कारण स्थूल माणसाचं यकृतही चरबीनं फुगतं आणि जठरावर झाकण घालतं. साधारण दोन आठवड्यांच्या कमी उष्मांकाच्या आहारानं ते आक्रसतं, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वाट मिळते. ही शिस्त परकीय नाही. सुश्रुतानं शस्त्रकर्माआधीच्या पूर्वकर्माला स्वतंत्र स्थान दिलं, काही शस्त्रकर्मं उपाशीपोटीच करायला सांगितली. तंबाखू मात्र आठवडेच्या आठवडे आधी सुटायला हवी. तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. हे सगळं पथ्य कुटुंबानंच मनावर घ्यायला हवं, कारण रुग्णाचं ताट बहुधा दुसरंच कुणी वाढत असतं.