पावसाचा अंदाज : तारघरापासून वावरापर्यंत

श्रोते हो, मृग लागला की तिवसा तालुक्यातल्या कोणत्याही पारावर जाऊन बसा, एकच प्रश्न कानी येतो : “पाणी कवा येते बाप्पा?” वखरून तयार झालेलं वावर, घरात आणून ठेवलेलं बियाणं आणि डोक्यावरचं कर्ज, या तिन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात बसलेल्या असतात. पेरणी आठ दिवस अलीकडे झाली तर दुबार पेरणीची भीती. आठ दिवस पलीकडे गेली तर पीक मागे पडते. म्हणून पावसाचा अंदाज हा आपल्याकडे करमणुकीचा विषय कधीच नव्हता.

आपल्या वाडवडिलांनी यासाठी नक्षत्रे धरली. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असा क्रम लावून त्यांनी पेरणी, डवरणी व निंदणीची वेळ ठरवली. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी तिचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. नक्षत्रांचे पंचांग ऋतूचा क्रम बरोबर सांगते, परंतु यंदाचा पाऊस कोणत्या दिवशी येईल, हे त्याला सांगता येत नाही. तिथे मोजमापाची गरज पडते.

हे मोजमाप सरकारने का हाती घेतले, तो इतिहास मोठा बोलका आहे. १८६४ साली कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळाने झोडपले. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ साली मोसमी पावसाने दगा दिला. तेव्हा १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. ठिकठिकाणचा पाऊस, वारा व हवेचा दाब तारेने एकत्र होऊ लागला. हिमालयावरच्या बर्फाचा आणि पावसाचा संबंध ताडून ब्लॅनफर्ड यांनी १८८६ पासून मोसमी पावसाचा रीतसर अंदाज देण्यास सुरुवात केली.

पण हा अंदाज मुख्यतः कोणासाठी होता? सरकारसाठी! दुष्काळ पडणार की नाही, सारा येणार की बुडणार, ही सरकारची काळजी. औत हाकणाऱ्याच्या कानापर्यंत तो पोचत नव्हता.

आणि तो चुकलाही. १८९९ साली सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडेल असे भाकीत झाले. प्रत्यक्षात पाऊस रुसला. विक्रम संवत १९५६ वरून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. वऱ्हाडही त्यात होरपळून निघाला. या धक्क्यानंतर १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती हवामान खात्याचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी जगभरच्या नोंदी पडताळल्या आणि दाखवले की, प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो. आज आपण एल निनोचे नाव ऐकतो, त्याचा धागा इथेच जुळतो. म्हणजे चुकलेल्या अंदाजातूनच पुढचे ज्ञान आले.

शेतकऱ्याची आठवण मात्र उशिरा झाली. १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग निघाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी पीक व हवा यांचा मेळ अभ्यासला. १९४५ साली आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्ता सुरू झाली. खाते निघून तोवर सत्तर वर्षे लोटली होती! १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भाला जवळचा आवाज मिळाला. १९७६ पासून नुसत्या अंदाजाबरोबर पिकाचा सल्लाही देण्याची पद्धत आली. आता जिल्ह्याचा असा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी, पुढच्या पाच दिवसांसाठी निघतो.

तरीही पारावर तक्रार असतेच : “रेडिओ म्हणे पाणी येते, अन् आमच्या इथं तर थेंब नाही!” बंधूंनो, इथे वार्तेतले शब्द नीट ऐकले पाहिजेत. “तुरळक ठिकाणी पाऊस” म्हणजे त्या भागातल्या फार तर चौथाई ठिकाणी पाऊस. “बहुतेक ठिकाणी” म्हणजे पाऊणपेक्षा जास्त ठिकाणी. तुरळक म्हटले असताना मोझरीला सर आली आणि तिवसा कोरडे राहिले, तर अंदाज खोटा ठरत नाही. तो मुलखाचा अंदाज आहे, तुमच्या धुऱ्याचा नाही.

धुऱ्याचा हिशेब आपणच ठेवावा लागतो. तज्ज्ञ सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून कोरडवाहू पेरणी करू नये. मग तो मोजायचा कसा? इथे शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेच्या मोकळ्या आवारात, झाडापासून व भिंतीपासून दूर, पर्जन्यमापक बसवा. तो नसेल तर सपाट बुडाचा, सरळ काठाचा डबाही कामचलाऊ चालेल. रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांकडून पाणी मोजून घ्या आणि फळ्यावर लिहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. हे गणित मुलांना वहीपेक्षा वावरात लवकर समजेल.

पहिली सर आली, मातीचा वास सुटला, की तिफण काढायला हात शिवशिवतात. शेजारी पेरतो आहे हे पाहून धीर सुटतो. अशा वेळी थांबणे सोपे नाही. त्या दिवशी आधी शाळेच्या फळ्यावरचा आकडा पाहा, वावरात वीतभर उकरून ओल कुठवर गेली ते बघा आणि पुढच्या पाच दिवसांची वार्ता ऐका. तिन्हींचा मेळ बसला, तरच मूठ सोडा. बियाण्याची पिशवी एकदाच भरता येते अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या पिशवीसाठी दोन दिवस थांबणे म्हणजे आळस नव्हे, श्रोते हो, ती शेतीच आहे.