अपुरें स्तन्य आणि त्याचे उपाय : धाराऊपासून नळीपर्यंत

सनदा, महजर, करीने व शकावल्या यांनीं भरलेल्या आमच्या दप्तरांत मातेच्या दुधाचा उल्लेख सहसा सांपडत नाहीं. परंतु राजघराण्यांतील एखाद्या पुत्राचें जीवित जेव्हां या दुधावर अवलंबून राहिलें, तेव्हां हा विषय इतिहासांत शिरलाच. छत्रपति संभाजी महाराजांची दूधआई धाराऊ ही त्याची महाराष्ट्रांतील सर्वश्रुत साक्ष होय. मातेचें दूध अपुरें पडलें असतां आपल्या पूर्वजांनीं काय काय योजिलें, आणि त्या उपायांपैकीं कोणत्यानें मातेचें दूध टिकत असे व कोणत्यानें आटत असे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम धाराऊची गोष्ट घेऊं. संभाजी महाराजांचा जन्म शके १५७९, ज्येष्ठ शुद्ध १२ रोजीं, म्हणजे १४ मे १६५७ या दिवशीं, पुरंदर किल्ल्यावर झाला. मातोश्री सईबाई यांचा मृत्यु ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडीं झाला. परंपरा अशी कीं, बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृति बिघडून दूध कमी पडूं लागलें, म्हणून कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिला दूधआई म्हणून आणिलें. कापूरहोळ हें गांव पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर असून पुरंदरापासून दूर नाहीं. तेव्हां स्थलदृष्ट्या परंपरेंत विसंगति दिसत नाहीं.

आई वारली म्हणून दाई ठेविली, असें लोकांत बोललें जातें. वरील दोन तिथि शेजारीं मांडल्या कीं हा समज टिकत नाहीं. मातृवियोगाच्या वेळीं राजपुत्र सव्वादोन वर्षांहून मोठा होता. त्या वयाच्या मुलास दूधआई नव्यानें शोधावी लागत नाहीं. ज्या अर्थीं दूधआई आणिली, त्या अर्थीं ती तान्हेपणींच, माता जिवंत असतांना आणिली असली पाहिजे. म्हणजे परंपरा ग्राह्य धरल्यास हें उदाहरण मातृहीन बालकाचें ठरत नसून, वैद्यकांत ज्यास ‘स्तन्यक्षय’ म्हणतात त्याचें ठरतें. हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. पण आमचा पुढील सारा विचार त्यावर उभा आहे.

दूधआईची योजना शास्त्रसंमत होती. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत धात्रीची परीक्षा सांगितली आहे : तिचें वय, शील, आरोग्य, तिचें स्वतःचें मूल जिवंत असणें, आणि दूध पाण्यांत टाकिलें असतां एकरूप होऊन मिसळणें. एका बालकास अनेक जणींचें दूध पाजल्यास रोग होतात, असा इशाराही सुश्रुतानें दिला आहे. मोंगल दरबारांत अकबराच्या दूधआया व दूधभाऊ यांस केवढें महत्त्व चढलें, हें तवारिखांच्या वाचकांस ठाऊक आहेच. आपल्याकडेही धाराऊचे पुत्र अंतोजी व रायाजी यांची आठवण परंपरेनें राजपुत्राचे दूधभाऊ म्हणून जपली आहे.

तथापि या उपायांत एक उणीव होती. बालकाची भूक भागे. परंतु तें दुसरीच्या स्तनास लागल्यामुळें मातेचें उरलेंसुरलें दूधही आटून जाई. शिवाय दाई ज्यांस परवडे त्यांसच हा मार्ग मोकळा होता, आणि दाईच्या स्वतःच्या तान्ह्याच्या वांट्यास काय आलें याची नोंद कोणीं ठेविली नाहीं.

सामान्य घरांत बोंडलें होतें. चांदीचें, पितळेचें किंवा तांब्याचें, लहानशा तोटीचें हें पात्र. त्यांतून गाईचें वा शेळीचें दूध बालकाच्या मुखांत सोडीत. ज्यांस तेंही नाहीं त्यांस शिंपला पुरे. ‘बोंडल्यानें दूध पिणें’ हा वाक्प्रचार भाषेंत रूढ झाला, यावरूनच या पात्राचा प्रसार किती होता हें कळतें. पण दाईस जो दोष तोच बोंडल्यास. मूल ओढणें विसरे, आणि स्तनास ओढ न लागल्यानें दूध कमी होई.

आतां मूळ संहितांकडे वळूं. येथें आम्हांस जो पाठभेदासारखा, परंतु खरोखर अर्थभेद असलेला, फरक आढळला तो वाचकांपुढें ठेवितों. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, पहिल्याच अध्यायांत, स्तन्याच्या अभावीं शेळीचें अथवा तद्गुणयुक्त गाईचें दूध लघुपंचमुळानें संस्कारून व साखर घालून द्यावें असें सांगितलें आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांत दहाव्या अध्यायांतही शेळीचें किंवा गाईचें दूध सांगितलें आहे. परंतु तेथें मर्यादा निराळी आहे. मातेचें स्तन्य पर्याप्त होईपर्यंत, आणि प्रमाण पाहून, तें द्यावें असा त्याचा आशय आहे. एकानें ‘अभाव’ धरिला, दुसऱ्यानें ‘पर्याप्तीपर्यंत’ अशी मुदत घातली. अभाव म्हटला कीं माता बाजूस सरली. मुदत म्हटली कीं वरचें दूध हें केवळ टेंकू झालें, आणि मातेचें दूध वाढेल ही अपेक्षा कायम राहिली. भाषांतरांत या दोन वचनांचा अर्थ एकच करण्याची जी प्रवृत्ति दिसते, ती आमच्या मतें सुश्रुतावर अन्याय करणारी आहे.

सुश्रुतास ही अपेक्षा कां वाटली, याचें उत्तर त्याच्याच निदानस्थानांत आहे. बालकाच्या स्पर्शानें, दर्शनानें, स्मरणानें व त्यास जवळ घेतल्यानें स्तन्य प्रवृत्त होतें, आणि अखंड स्नेह हें त्याचें कारण, असें तो म्हणतो. उलट क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनीं दूध नाश पावतें असें शारीरस्थानांत सांगून तो सातू, गहूं, साठेसाळी, मांसरस, लसूण, विदारीकंद, शतावरी इत्यादि पदार्थ योजितो. चरकानेंही वाळा, दर्भ, कुश, काश इत्यादिकांच्या मुळांचा स्तन्यजनन गण दिला आहे. आमच्या घरांतील बाळंतिणीची अळिवाची खीर, डिंकाचे लाडू व बाळंतशेपा हीं त्याच विचाराचीं अपत्यें होत. शेतकऱ्यासही हें मर्म ठाऊक होतें. वासरूं मेलें असतां त्याचें कातडें पेंढ्यानें भरून गाईपुढें ठेवीत, तेव्हां ती पान्हावत असे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें काश्यपसंहितेचें स्मरण होईल. नेपाळांत सांपडलेल्या खंडित ताडपत्रांवरून ही संहिता इ. स. १९३८ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. तिच्या उपलब्ध भागाच्या आरंभींच लेहाध्याय आहे. आणि ज्यांच्या मातेस दूध नाहीं किंवा अल्प आहे अशा बालकांस त्यांत चाटणास पात्र ठरविलें आहे. ‘नाहीं’ व ‘अल्प’ या दोन अवस्था तेथेंही वेगळ्या मोजिल्या आहेत, हें लक्षांत घ्यावें.

सुश्रुताची ही मुदत साध्य करण्याचें साधन मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातीं आलें. इ. स. १९७० नंतरच्या काळांत अमेरिकेंत अ‍ॅव्हरी दंपतीनें ‘लॅक्ट-एड’ नांवाचें साधन प्रचारांत आणिलें. त्यांत दुधाची लहान पिशवी मातेच्या गळ्यांत लोंबते; तिच्यांतून निघालेली बारीक नळी स्तनाग्राशीं चिकटविलेली असते. बालक एकाच वेळीं स्तन व नळी मुखांत धरितें. वरचें दूध त्यास मिळतें आणि ओढ मातेच्याच स्तनास लागते. साध्या रीतीनें प्याला व बारीक नळी एवढ्यावरही हें काम भागतें. प्रारंभीं प्याला स्तनाग्राच्या ५ ते १० सेंटिमीटर खालीं धरितात, आणि मूल सबळ झालें कीं तो ३० सेंटिमीटरपर्यंत खालीं नेतात, म्हणजे दूध आपोआप न वाहतां मुलास ओढावें लागतें. मातेचें दूध वाढत जाईल तसतसें वरचें कमी करावयाचें. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. १९९८ मध्यें पुनः दूध आणण्याविषयीं जें विवेचन प्रसिद्ध केलें, त्यांत या रीतीस स्थान मिळालें. भारतांतील बालरोगतज्ज्ञांनीं तर नळीवांचूनही, स्तनावरून थेंबथेंब दूध स्तनाग्राकडे सोडण्याची युक्ति वापरली. म्हणजे बोंडल्याचें काम तेंच, धार मात्र स्तनावरून!

वरचें दूध कोणतें, याही बाबतींत काळ पालटला आहे. तान्ह्यास गाईचें वा शेळीचें दूध देणें आजचें वैद्यक मान्य करीत नाहीं; शक्यतों मातेचेंच काढलेलें अथवा दुसऱ्या मातेचें तपासून निर्जंतुक केलेलें दूध तें पसंत करितें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत इ. स. १९८९ मध्यें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. धाराऊचें दान तेथें नांवगांव न सांगतां चालूं आहे. आणि तें नळीनें पाजिलें तर कोणत्याही सईबाईस स्तनापासून आपलें मूल दूर करावें लागत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. दाईनें व बोंडल्यानें बालक जगविलें, माता मागें राहिली. सुश्रुताच्या मुदतींत दोघांचाही विचार होता, आणि नळीनें तो व्यवहारांत आणिला. संग्राहकांस एकच विनंति आहे. जुनीं बोंडलीं मोडींत जात आहेत. एखादें हातीं आल्यास त्याचा धातु, माप, तोटीची लांबी व कोणत्या घरांतून आलें एवढें तरी टिपून ठेवावें. आणि बाळंतिणीच्या औषधांचीं बाडें क्षुद्र म्हणून टाकूं नयेत. तख्तांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. पाळण्याचा इतिहास अशाच पात्रांवरून व बाडांवरून लिहावा लागेल.