कोराकुएनची रात्र : 25 जून 1959

जपानमध्ये बेसबॉल 1872 च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने नेला. मात्र पुढची कित्येक दशके हा खेळ विद्यार्थ्यांचाच राहिला. तोक्योतील वासेदा आणि केइओ या विद्यापीठांच्या सामन्यांना गर्दी लोटत असे आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे मात्र काहीशा तुच्छतेने पाहिले जाई. 1934 मध्ये बेब रूथसह अमेरिकी खेळाडूंचा संघ जपानच्या दौऱ्यावर आला. त्या वर्षाअखेरीस योमिउरी वृत्तपत्राचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी व्यावसायिक संघ उभा केला. तोच पुढे जायंट्स झाला. ओसाका-कोबे मार्गावर गाड्या चालवणाऱ्या हानशिन रेल्वे कंपनीने 1935 मध्ये टायगर्स संघ काढला. राजधानीचे वृत्तपत्र एकीकडे आणि व्यापारी ओसाकाची रेल्वे दुसरीकडे, असे हे वैर पहिल्यापासूनच मैदानापुरते नव्हते. कान्तो आणि कान्साई या दोन प्रदेशांची जुनी चुरस त्यात उतरली होती.

या दोन संघांमधला साखळीतला एक सामना जपानी बेसबॉलच्या इतिहासात वेगळा काढून ठेवावा लागतो. 25 जून 1959 रोजी तोक्योच्या कोराकुएन मैदानावर सम्राट हिरोहितो आणि सम्राज्ञी व्यावसायिक बेसबॉल पाहायला प्रथमच आले. विजेतेपद पणाला लागले नव्हते, पण ज्या खेळाला अजून पुरती प्रतिष्ठा मिळाली नव्हती त्याच्यासाठी ही भेट कोणत्याही चषकाहून मोठी होती. एप्रिलमध्ये युवराजांच्या विवाहामुळे दूरचित्रवाणी संच घरोघर पोचू लागले होते, त्यामुळे सामना मैदानाबाहेरही पाहिला गेला.

सामनाही प्रसंगाला साजेसा झाला. पहिली धाव हानशिनची. पाचव्या डावात जायंट्सच्या शिगेओ नागाशिमा आणि साकाझाकी यांनी लागोपाठ होमरन मारून 2-1 अशी आघाडी घेतली, तर सहाव्यात हानशिनने ती 4-2 अशी उलटवली. सातव्या डावात जायंट्सच्या एका नवख्या खेळाडूने दोन धावांचा होमरन मारून बरोबरी साधली. त्याचे नाव सादाहारू ओ. पुढे कारकिर्दीत 868 होमरन मारणाऱ्या ओ यांचा आणि नागाशिमांचा होमरन एकाच सामन्यात लागण्याची ही पहिली वेळ. असे पुढे एकूण 106 वेळा घडले.

हानशिनने आता चेंडू मिनोरू मुरायामाच्या हाती दिला. तोही पहिल्याच मोसमातला, पण कमालीचा जिद्दी. सम्राट सव्वानऊला निघणार होते. नवव्या डावाच्या उत्तरार्धात नागाशिमा फलंदाजीला आला तेव्हा जेमतेम काही मिनिटे उरली होती. दोन स्ट्राइक, दोन बॉल. पाचवा चेंडू नागाशिमाने डाव्या बाजूला उंच उचलला आणि तो सीमादर्शक खांबाजवळून प्रेक्षकांत जाऊन पडला. पंचांनी होमरन दिला आणि जायंट्स 5-4 असे जिंकले. तेव्हा 9 वाजून 12 मिनिटे झाली होती.

चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, तो फाउलच होता, असे मुरायामा अखेरपर्यंत सांगत राहिले. निकाल काही बदलला नाही. त्यांनी भरपाई मैदानावरच शोधली. आपला 1500 वा आणि 2000 वा स्ट्राइकआउट त्यांनी ठरवून नागाशिमाविरुद्धच मिळवला. कोणत्याही दुसऱ्या फलंदाजाला बाद करून तो आकडा गाठता आला असता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका चेंडूची सल किती खोल होती ते कळते. जायंट्सने 1965 ते 1973 सलग नऊ विजेतेपदे मिळवली, त्या काळात टायगर्सच्या पाठीराख्यांना धीर देणारी लढत ती मुरायामा-नागाशिमा यांचीच.

कोराकुएन मैदान नंतर पाडले गेले. शेजारीच उभारलेला तोक्यो डोम 1988 मध्ये सुरू झाला. मुरायामा 1998 मध्ये आणि नागाशिमा जून 2025 मध्ये वारले. मुरायामांचा 11 आणि नागाशिमांचा 3 हे जर्सी क्रमांक त्यांच्या संघांनी कायमचे राखून ठेवले आहेत. ते आता कोणत्याही खेळाडूला दिले जात नाहीत.