पायरीमागची तार

डोंगरवाटांसाठीच्या उंच गाडीचं दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते. दार लावलं की आत जाते. माझ्यासारख्या गुडघे धरलेल्या माणसाला तिचं अप्रूप वाटणारच. पण तिच्यामागचा इतिहास मला अधिक मोलाचा वाटतो.

१९२०-३० च्या मोटारींना दोन्ही बाजूंना लांब फळी असे. तिच्यावर पाय ठेवून माणसं आत चढत. पुढे गाड्या बुटक्या झाल्या आणि फळी गेली. १९४१ साली युद्धासाठी विलीज जीप आली, तिलाही फळी नव्हती. खडकाळ वाटेवर खाली लोंबणारी वस्तू अडकतेच. म्हणून हवी तेव्हा येणारी, एरवी लपणारी पायरी विजेच्या मोटरकडे सोपवली गेली.

अडचण वायरिंगची. दाराच्या स्विचला थोडाच प्रवाह झेपतो, मोटरला पुष्कळ लागतो. थेट जोडलं तर स्विच जळेल. यावरची तोड जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास तारायंत्रासाठी रिले वापरला. लहानसा प्रवाह चुंबक जागा करतो, चुंबक पट्टी ओढतो आणि मोठा प्रवाह सुरू होतो. आज पुष्कळ गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो, तत्त्व तेच.

फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा. तो पायरीपाशी बसवला आणि दगडाला घासून मधली तार सोलली, तर तिला राखणदारच नाही. आग लागते ती अशीच. पायरी बसवून घेताना मिस्त्रीला आधी फ्यूजची जागा विचारा, दिव्यांची रोषणाई मागाहून.