वैद्यकी बाडांतील सोमरोग व त्यावरील औषधांचें तारतम्य

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील वालूर हें गांव तेथील बारवांमुळें, विशेषतः चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळें, संशोधकांस परिचित आहे. अशा गांवीं गेलेला संशोधक दगड पाहतो, शिलालेख शोधतो, आणि एखादें जुनें दप्तर हातीं आल्यास त्यांतून सनदा व महजर वेगळे काढतो. औषधांचीं बाडें मात्र बहुधा पुन्हा फडक्यांत बांधलीं जातात. त्यांत राजकारण नाहीं हें खरें. परंतु ज्या दुखण्याविषयीं घरांतील स्त्री कोणापाशीं बोलत नसे, त्याचा लेखी पुरावा असल्यास तो तेथेंच असावयाचा. वारंवार व अनावर लघवी होणें हें असेंच एक दुखणें होय. त्यावरील जुन्या-नव्या औषधांची तुलना येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रदेश एके काळीं देवगिरीच्या यादवांचा. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, व त्याच्या आश्रयास असलेल्या बोपदेवानें औषधी कल्पांवर शतश्लोकी रचिली. परंतु चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांत मूत्राघात व प्रमेह यांचा विचार असला, तरी स्त्रियांचा सोमरोग असें स्वतंत्र प्रकरण नाहीं. तें भावमिश्राच्या भावप्रकाशांत (१६ वें शतक) व महाराष्ट्रांतील वैद्यांस प्रिय असलेल्या योगरत्नाकरांत, म्हणजे उत्तरकालीन संग्रहांत, येतें. तेव्हां ज्या बाडांत ‘सोमरोग’ हें शीर्षक आढळेल, त्याचा आधार वाग्भटांत न शोधतां या संग्रहांत शोधावा.

सोमरोगाचें लक्षण असें सांगितलें आहे कीं, स्वच्छ, थंड, गंधरहित पाणी वेदनेवांचून स्रवतें, स्त्रीस वेग आवरत नाहीं, तोंड व टाळू कोरडे पडतात, अशक्तता येते. रोग जुना झाल्यावर त्यास मूत्रातिसार म्हणतात. औषधें मधुर व शीत आहेत: पिकलें केळें, आंवळ्याचा रस, मध व साखर, किंवा उडदाचें पीठ, ज्येष्ठमध व विदारीकंद हीं मध-साखरेसह दुधांतून, मूत्रातिसारावर ताडाचा कंद व खजूर यांचा योग.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथें युनानी नुसख्यांचाही विचार केला पाहिजे. हकीम मूत्र न आवरण्यास सलसुल-बौल म्हणतात व त्यावर माजून फलासफा किंवा माजून कुंदुर देतात. त्यांच्या औषधिसंग्रहांत खुरासानी ओवाही आहे. त्यांतील हायोसायमीन हें द्रव्य मूत्राशयाच्या स्नायूचें आकुंचन मंद करितें. पण मात्रा चुकल्यास तेंच विष होतें.

आजच्या वैद्यकांतील औषधांचा एक वर्ग याच मार्गानें चालतो. ऑक्सिब्यूटिनिन (अमेरिकेंत मान्यता १९७५), टोल्टेरोडिन (१९९८) व सोलिफेनासिन (२००४) हीं ॲसिटिलकोलीनचा स्नायूस जाणारा संदेश अडवितात. दुसऱ्या वर्गांतील मिराबेग्रॉन (जपानांत २०११, अमेरिकेंत २०१२) निराळ्या ग्राहींस चेतवून मूत्राशय भरत असतां त्याचा स्नायू सैल ठेवितें. गुणांत या दोन वर्गांचें अंतर थोडें. निवड मुख्यतः उपद्रवांवरून होते. पहिल्या वर्गानें तोंड कोरडें पडतें व मलावरोध होतो, आणि वृद्ध स्त्रियांत बुद्धिभ्रमाचें भय असतें. तोंडाचा कोरडेपणा ऑक्सिब्यूटिनिननें विशेष होतो. मिराबेग्रॉननें तोंड तितकें सुकत नाहीं, पण रक्तदाब वाढूं शकतो. औषधापूर्वीं लघवीच्या वेळा हळूहळू लांबविण्याची संवय व ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुचवितात.

आतां मुख्य मुद्दा. आजचें औषध ज्या कोरडेपणास कारण होतें, तोच कोरडेपणा सोमरोगांत रोगाचें लक्षण म्हणून सांगितला आहे. कोरडें तोंड व पुष्कळ मूत्र हीं एकत्र दिसलीं म्हणजे आजचा वैद्य प्रथम मधुमेहाची शंका घेतो. म्हणजे सोमरोग या एका नांवाखालीं मधुमेह, श्वेतस्राव व अतिक्रियाशील मूत्राशय असे भिन्न विकार आले असावेत. सोमरोग म्हणजे आजचा अमुक एक रोग, असें समीकरण मांडणें म्हणूनच चुकीचें होईल; आणि मधुमेही स्त्रीस मध-साखरेचा योग देणें तर घातकच होय.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी: औषधांचें पान टाकूं नये. त्याची नक्कल करितांना रोगाचें नांव जसेंच्या तसें ठेवावें, आजचें नांव समासांत निराळें लिहावें. तोळा, मासा व गुंज हीं वजनें मोडींतून उतरवितांना दोनदां ताडून पाहावीं. नुसखा छापल्यास तो इतिहासाचें साधन म्हणून छापावा, उपचार म्हणून नव्हे. ज्या स्त्रियांचीं नांवें कोणत्याही सनदेंत आलीं नाहींत, त्यांच्या त्रासाची एवढीच नोंद उरलेली असेल, तर ती अचूक राखणें हें आमचें काम आहे.