सहा इंचांचीं लढाऊ विमानें

१९४० सालच्या जुलै महिन्यांत इंग्लंडांतील गृहिणींना सरकारकडून एक विनंति करण्यांत आली. घरांतील ॲल्युमिनियमचीं पातेलीं, किटल्या, तवे जें काय असेल तें आणून द्या, आम्ही त्यांचीं स्पिटफायर आणि हरिकेन विमानें करूं, असा त्या विनंतीचा आशय होता. विमाननिर्मितीचें खातें त्या वेळीं लॉर्ड बीव्हरब्रूक यांच्या हातीं होतें. बायकांनीं स्वयंपाकघरें रिकामीं केलीं. त्या भांड्यांचीं विमानें कितपत झालीं हा प्रश्न निराळा. पण पांच वर्षांनीं युद्ध संपलें आणि चक्र उलटें फिरलें. ज्या कारखान्यांत विमानें होत तेथून ॲल्युमिनियमचीं घरें बाहेर पडूं लागलीं आणि विमानें मोडीच्या ढिगावर गेलीं. हॉकर टायफून नांवाचें एक दांडगें लढाऊ विमान होतें. अशीं तीन हजार तीनशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. त्यांतलें संपूर्ण असें आज एकच उरलें आहे, आणि तेंहि वांचलें तें परीक्षेसाठीं अमेरिकेंत नेलें होतें म्हणून. वेस्टलंड व्हर्लविंड हें दोन एंजिनांचें विमान शंभराहून थोडें अधिक झालें. त्यांतलें एकहि उरलेलें नाहीं.

हीं नाहींशीं झालेलीं विमानें आज जगभर घरोघरच्या कपाटांत उभीं आहेत; फक्त त्यांचे पंख सहा इंचांचे आहेत. त्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचा आणि त्या जोडीत बसणाऱ्या मंडळींचा इतिहास आज सांगावयाचा आहे. प्रौढ माणसानें चष्मा सांवरीत, चिमट्यांत तांदळाएवढा तुकडा धरून रात्रीं बारापर्यंत जागावें हें आपल्या घरांतून जरा हास्यास्पदच वाटतें. पण ज्या घरांत दिवाळीला मुलांच्या बरोबरीनें वडीलहि मातीचा किल्ला करावयास बसतात आणि महादरवाजा रायगडासारखा साधला कीं नाहीं यावर वाद घालतात, त्या घराला हा छंद अगदींच परका वाटूं नये.

प्लॅस्टिकच्या आधीं लांकूड होतें. १९३२ च्या सुमारास इंग्लंडांत ‘स्कायबर्ड्स’ या नांवानें लांकडी विमानांचे संच विकले जाऊं लागले. ते जेम्स हे स्टीव्हन्स यांनीं आंखलेले होते. त्यांनीं जें माप ठरविलें तें आजतागायत टिकून आहे. खऱ्या विमानाच्या सहा फुटांस प्रतिकृतीचा एक इंच, म्हणजे एकास बहात्तर. सहा फूट उंचीचा वैमानिक एक इंचाचा होतो, इतका हा हिशेब सोपा. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा छत्तीस फूट दहा इंच. तो या मापानें सहा इंचांहून किंचित् अधिक भरतो आणि विमान तळहातावर बसतें. याच स्कायबर्ड्सच्या मागोमाग गांवोगांवचीं मंडळें आणि त्यांचा एक संघहि निघाला. एकट्यानें केलेलें काम चौघांना दाखविल्याशिवाय पुरें होत नाहीं, ही गोष्ट प्लॅस्टिक येण्यापूर्वींच ठरून गेली होती.

प्लॅस्टिक आलें तें १९३६ सालीं. ‘फ्रॉग’ या नांवानें रबराच्या पीळावर उडणारीं खेळण्यांतलीं विमानें करणाऱ्या कंपनीनें न उडणाऱ्या विमानांचे संच काढले आणि त्यांस ‘पेंग्विन’ असें नांव दिलें. कारण पेंग्विन हा पक्षी असून उडत नाहीं. नामकरणांतला हा विनोद मला अजून आवडतो. प्लॅस्टिकचे जगांतील पहिले विमानसंच ते हेच. सेल्युलोज ॲसिटेट हें त्यांचें द्रव्य होतें. त्यांत एकच दोष होता. वर्षें लोटतात तसें तें वांकतें, आणि सरळ पंखांचें विमान कपाटांतल्या कपाटांत मान टाकतें.

यानंतर युद्ध सुरू झालें आणि खेळण्याचा प्रश्न जीवनमरणाचा झाला. ६ सप्टेंबर १९३९. युद्ध पुकारून अवघे तीन दिवस झाले होते. शत्रु आल्याची खोटी वर्दी मिळाली आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनीं ब्रिटिश विमानेंच आकाशांत चढलीं. ७४ व्या तुकडीच्या स्पिटफायरांनीं ५६ व्या तुकडीच्या हरिकेन विमानांवर गोळ्या झाडल्या. दोन हरिकेन पडलीं. त्यांतल्या एकाचा वैमानिक माँटेग्यू हल्टन-हॅरप जागींच ठार झाला. त्या युद्धांत मेलेला हा पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि तो आपल्याच लोकांच्या हातून मेला. स्पिटफायर आणि हरिकेन जमिनीवर शेजारीं उभीं केलीं तर लहान मूलहि भेद सांगेल. एकाचे पंख लंबवर्तुळाकार, दुसऱ्याचे जाड व सरळसोट. परंतु आकाशांत, सूर्य डोळ्यांवर असतां आणि भीति मनांत असतां, तो भेद दोन-तीन सेकंदांत ओळखावा लागतो.

या ओळखीसाठीं चित्रें अपुरीं पडतात, कारण चित्र एकाच बाजूनें पाहतां येतें. प्रतिकृति मात्र दोरीला टांगून हवी तशी फिरवितां येते. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांना आवाहन केलें कीं, लांकूड कोरून आम्हांस पांच लाख विमानें करून द्या. पन्नास जातींचीं, प्रत्येकीचीं दहा हजार. माप तेंच, एकास बहात्तर. या मापाची प्रतिकृति पस्तीस फुटांवरून पाहिली तर ती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. गुणाकार करून पाहावा. मुलांनीं शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत तीं कोरलीं, काळ्या रंगानें रंगविलीं आणि सैनिकांनीं त्यांच्यावर डोळे तयार केले. पुढें हेंच काम शिकागोच्या क्रूव्हर कारखान्यानें प्लॅस्टिकमध्यें चालविलें.

शांतता झाल्यावर हा धंदा पुन्हां मुलांकडे आला. एअरफिक्स या कंपनीचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानांवर असेल. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानें ती १९३९ सालीं लंडनांत काढली. प्रथम रबरी खेळणीं, मग प्लॅस्टिकच्या फण्या, असा तिचा प्रवास. प्लॅस्टिक तापवून पातळ करावयाचें आणि दाबानें पोलादी सांच्यांत सोडावयाचें, हें यंत्र मुळांत फण्यांसाठीं आणलें होतें. १९५२ सालीं ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांस मिळूं लागला आणि पुढच्याच वर्षीं स्पिटफायर आलें. तें पहिलें स्पिटफायर आकारानें फारसें बिनचूक नव्हतें. पण दोन शिलिंगांत पोराच्या हातीं स्पिटफायर पडत होतें, तेव्हां चुका कोण मोजतो? तिकडे जपानांत शिझुओका या लांकडाच्या व्यापाराच्या गांवीं तामिया यांची वखार होती. १९६० सालीं तीहि प्लॅस्टिककडे वळली. लांकूड सोडून प्लॅस्टिक धरणें हा दोन्हींकडचा क्रम सारखाच आहे.

चुका मोजणारे पुढें आले. पहिल्या पिढीचीं मुलें मोठीं झालीं, त्यांच्या हातीं पैसा आला, आणि आपण लहानपणीं जोडलेलें विमान खरोखर तसें होतें कां, हा प्रश्न त्यांना पडूं लागला. १९६३ सालीं इंग्लंडांत आंतरराष्ट्रीय प्लॅस्टिक प्रतिकृतिकार संघ स्थापन झाला. पुढल्या वर्षीं अमेरिकेंत त्याची शाखा निघाली आणि मग देशोदेशीं. महिन्यांतून एकदां जमावें, आपआपलें काम टेबलावर मांडावें आणि इतरांनीं तें हातांत न घेतां वांकून पाहावें, अशी त्यांची रीत. स्पर्धांत परीक्षक छोटी विजेरी घेऊन पंखाखालीं डोकावतात. दोन अर्ध्या तुकड्यांच्या जोडाची रेघ दिसली कीं गुण गेले.

अशा बैठकींत काय शिकावयास मिळतें तें माझ्याच फजितीवरून सांगतों. मीं एक स्पिटफायर मोठ्या हौसेनें पुरें केलें होतें, पुढच्या काळचें, पांच पात्यांच्या पंख्याचें. मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं तें क्षणभर पाहिलें आणि सौम्यपणें म्हणाले, “अहो, काम फार स्वच्छ झालें आहे. पण हें एंजिन चालू केलेंत तर विमान मागें जाईल.” स्पिटफायरचें आरंभीचें मर्लिन एंजिन पंखा एका दिशेनें फिरवी, नंतरचें ग्रिफन नेमकें उलट दिशेनें. मीं पातीं मर्लिनच्या कोनांत बसविलीं होतीं. घरीं येऊन पाचहि पातीं उपटलीं. त्या गृहस्थांनीं तें सांगितलें नसतें तर तें विमान आजहि माझ्या कपाटांत मागें जाण्याच्या तयारींत उभें राहिलें असतें.

‘रिबिटें मोजणारे’ म्हणून या लोकांची थट्टा होते, आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे असें मी म्हणणार नाहीं. पण रंगाच्या बाबतींत या रिबिटवाल्यांनीं जो खटाटोप केला आहे, तो मला इतिहाससंशोधनाच्या जवळचा वाटतो. त्या काळचीं छायाचित्रें बहुतेक काळीं-पांढरीं आहेत. त्यांत कांहीं जुन्या फिल्मांना तांबडा व पिवळा रंग नीट दिसत नसे. तांबडें जवळजवळ काळें उमटे, पिवळें गडद होई आणि निळें मात्र फिकें पडे. ही गोष्ट ठाऊक नसेल तर छायाचित्र समोर असूनहि मनुष्य फसतो. विमानाच्या चिन्हाभोंवतालचें पिवळें कडें काळसर दिसलें म्हणून तें नव्हतेंच, असें ठरवून मोकळा होतो.

आणि सरकारी कागद सांपडला म्हणजे सत्य सांपडलें, असेंहि नाहीं. १९४० च्या जूनमध्यें ब्रिटिश लढाऊ विमानांचें पोट ‘स्काय’ नांवाच्या फिकट हिरवट रंगानें रंगवावें असा हुकूम सुटला. त्यापूर्वीं तें अर्धें काळें आणि अर्धें पांढरें असे. हुकूम आला, पण रंग आला नाहीं. तेव्हां तुकड्यांतल्या कामगारांनीं जवळ होते ते डबे मिसळून आपापला ‘स्काय’ तयार केला; कोठें निळसर, कोठें हिरवट. म्हणजे ब्रिटनच्या आकाशांतील त्या प्रसिद्ध उन्हाळ्यांत ज्या विमानांनीं देश वांचविला, त्यांच्या पोटाचा एक असा रंगच नव्हता. जो प्रतिकृतिकार दोन विमानें किंचित् वेगळ्या रंगांत रंगवितो, त्याची चूक नसून तो अधिक खरा असतो.

जपानच्या ‘झीरो’ विमानाचेंहि असेंच. कित्येक वर्षें संचांच्या सूचनापत्रकांत पहिल्या झीरोंचा रंग फिकट करडा सांगितलेला असे आणि जगभर पोरें तसाच देत. पुढें पडलेल्या विमानांचे पत्रे गोळा करून, घांसून, त्यांची तुलना करणारे छांदिष्ट निघाले आणि जपानी नौदलाचा १९४२ चा एक अहवालहि पुढें आला. त्यांत करड्यांत ‘आमे’ची किंचित् छटा असल्याचें म्हटलें आहे. ‘आमे’ म्हणजे धान्यापासून काढलेला गोड पाक. आपल्याकडच्या काकवीची आठवण व्हावी असाच त्याचा वर्ण. करडा कीं काकवीचा, यावर मग वर्षानुवर्षें भांडण झालें. विशेष हें कीं, या भांडणांत अमेरिकन व जपानी माणसें एका बाजूस दोन्ही होतीं.

कारखान्यांचें दैव विमानांहून फार निराळें झालें नाहीं. फ्रॉग १९७६ च्या सुमारास बंद पडली. तिचे पोलादी सांचे रशियांत गेले. जर्मन आणि जपानी विमानांचे मात्र रशियनांनीं घेतले नाहींत, ते रेव्हेल कंपनीकडे गेले. इतकीं वर्षें टिकलेलें वैर सांच्यांच्या वांटणींतहि दिसावें! एअरफिक्सहि १९८१ सालीं बुडाली, हस्तांतरें झालीं, २००६ सालीं आणखी एकदां झालीं. आज ती नवे सांचे करीत आहे; मूळ विमानांचे अवशेष यंत्रानें मोजून.

जातां जातां आपल्याकडची एक गोष्ट. १९४४ सालीं इंफाळच्या वेढ्यांत भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी हरिकेन विमानांवर होती आणि तिचे नायक अर्जनसिंग होते. पुढें ते हवाई दलाचे मार्शल झाले. तें हरिकेन सध्यां माझ्या टेबलावर आहे. संच परदेशचा, म्हणून त्यांतील पाण्यानें सोडवून चिकटवावयाच्या चित्रांत ब्रिटिश चिन्हें आहेत, मध्यभागीं तांबडा ठिपका असलेलीं. पण ब्रह्मदेशच्या आघाडीवर तो ठिपका चालत नसे. जपानी विमानांवर तांबडा गोल असे. तांबडें दिसतांच आपलेच लोक गोळी झाडतील म्हणून तेथें चिन्हांतला तांबडा रंग काढून टाकण्यांत आला आणि गडद निळ्याच्या पोटांत फिकट निळा, एवढेंच ठेवण्यांत आलें. हल्टन-हॅरप ज्या चुकीनें मेला, ती येथें पुन्हां होऊं नये म्हणून.

तेव्हां संचांतलीं चिन्हें बाजूला ठेवून सहा नवीं वर्तुळें मला हातानें रंगवावीं लागत आहेत. चार पंखांवरचीं, दोन बाजूंचीं. पहिलीं दोन बिघडलीं. तिसरें काल रात्रीं वाळत ठेवलें आहे.